छिन्नमनस्कता, औषध आणि हिंसा

आम्ही डॉक्टर नाही. रात्रशाळा आणि नगरवाचनालय एवढीच आमची विद्यापीठे. बाकी उभे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले. मग या व्यासपीठावरून मनोविकारांवर बोलण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला, असे कोणी विचारील, तर तो एका कामगाराने दिला असे सांगावे लागेल.

आमची संघटना असलेल्या एका कारखान्यात लेथवर एक तरुण होता. हाताला कसब होते. पुढे त्याला आवाज ऐकू येऊ लागले. शेजारची माणसे आपल्याविरुद्ध कट करीत आहेत, अशी त्याची खात्री झाली. उपचार झाले, गोळ्या सुरू झाल्या, तो कामावर परतला आणि दोन वर्षे नीट गेली. मग तिसऱ्या पाळीत गोळ्यांमुळे डोळा लागू लागला, सुपरवायझरने दोनदा मेमो दिला आणि याने कोणाला न सांगता गोळ्या सोडल्या. तीन महिन्यांनी त्याने सुपरवायझरवर पाना उगारला. कोणाला लागले नाही. व्यवस्थापनाने त्याचा हिशेब केला, त्या कागदावर साक्षीदार म्हणून सही आमची आहे. ‘वेड्याचा काय भरवसा’ हे वाक्य त्या दिवशी आम्हीही बोललो.

हा आजार म्हणजे छिन्नमनस्कता, अर्थात स्किझोफ्रेनिया. एका देहात दोन माणसे असा त्याचा अर्थ नव्हे, सिनेमावाले काही दाखवोत. नसलेले आवाज ऐकू येणे, निराधार संशय पक्का बसणे, विचारांची संगती तुटणे, माणसांतून मन उडणे, ही त्याची लक्षणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात दर तीनशे माणसांमागे सुमारे एकाला तो आहे. त्यावरचे पहिले परिणामकारक औषध, क्लोरप्रोमाझीन, फ्रान्समध्ये १९५० च्या अखेरीस तयार झाले आणि १९५२ साली पॅरिसच्या सेंत-आन रुग्णालयात दले व देनिकेर या डॉक्टरांनी ते मनोरुग्णांना देऊन पाहिले. मेंदूतील डोपामीन नावाच्या द्रव्याचा संदेश ही औषधे अडवितात. त्यामुळे आवाज क्षीण होतात, संशयाची धार बोथट होते.

आता मुख्य प्रश्न. या औषधाने हिंसा कमी होते काय? गोळी घेणारा आणि न घेणारा अशा दोन माणसांची तुलना करून उत्तर मिळत नाही. दोन खात्यांचे उत्पादन शेजारी मांडून एका खात्याला आळशी ठरविणारे व्यवस्थापक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. यंत्रे निराळी, माणसे निराळी, तुलना कसली? माणूस मोजावा तो त्याच्याच मापाने. स्वीडनमध्ये औषधांच्या आणि न्यायालयीन शिक्षांच्या देशभराच्या नोंदी असतात. त्यांवरून सीना फाझेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली अशी मोजणी प्रसिद्ध केली. २००६ ते २००९ या काळात मनोविकारावरील अशी औषधे मिळालेली ८२,६४७ माणसे त्यांनी घेतली आणि प्रत्येकाचा औषध चालू असतानाचा काळ त्याच्याच औषध बंद असतानाच्या काळाशी ताडून पाहिला. छिन्नमनस्कतेवर जी दिली जातात ती औषधे चालू असताना हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण ४५ टक्क्यांनी कमी आढळले. त्या साऱ्यांना हाच आजार होता असे नव्हे. आणि औषध नियमित घेण्याच्या दिवसांत माणूस डॉक्टरांकडे जातो, घरचे लक्ष ठेवतात, कदाचित दारूही कमी होते, तेव्हा सगळे श्रेय गोळीच्या पदरात टाकू नये. तथापि एवढा मोठा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

त्याच पाहणीतील दुसरा आकडा मात्र वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत सहसा येत नाही. त्या पुरुषांपैकी हिंसक गुन्ह्यासाठी शिक्षा झालेले ६.५ टक्के, स्त्रियांपैकी १.४ टक्के. केवळ छिन्नमनस्कतेच्या रुग्णांची मोजणी फाझेल यांनीच २००९ साली मांडली होती. तीत हिंसक गुन्हा केलेले १३.२ टक्के निघाले, सर्वसाधारण लोकांत ५.३. म्हणजे धोका वाढतो, हे लपविण्यात अर्थ नाही. पण व्यसन जडलेले रुग्ण वेगळे काढले, तर त्यांच्यात २७.६ आणि व्यसन नसलेल्यांत ८.५. वाढीचा मोठा वाटा बाटलीकडे जातो, आणि बाटलीला भिऊन रस्ता बदलणारा नागरिक आम्ही अजून पाहिलेला नाही.

उलट रुग्णावर होणारी हिंसा पाहा. तमिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आता मनाई आहे.

मग माणसे गोळी सोडतात का? हट्टानेच सोडतात असे नव्हे. वजन वाढते, हात थरथरतात, अंग आखडते, झोप अनावर होते. यांवर उपाय असतात: मात्रा बदलणे, औषध बदलणे, रोजच्या गोळीऐवजी काही आठवड्यांनी एक इंजेक्शन घेणे. परंतु हे डॉक्टरांनी करावयाचे; आपल्या मनाने एकाएकी बंद करणे घातक. आमच्या त्या तरुणाला तर कायमची दिवसपाळी मिळाली असती तरी पुष्कळ झाले असते. पाळी बदलून घेणे हे संघटनेचे रोजचे काम, आणि नेमके तेच आम्ही केले नाही. राज्य कामगार विमा योजनेत दीर्घ आजारांची यादी आहे, तीत छिन्नमनस्कता आहे. नोकरीच्या व वर्गणीच्या अटी पुऱ्या करणाऱ्या कामगाराला वेतनाच्या ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. तो कारखाना या योजनेत होता. सही करण्यापूर्वी ती यादी आम्ही उघडूनही पाहिली नव्हती.

मध्यंतरी त्याच्या थोरल्या बहिणीच्या घरी गेलो होतो. तो आता एका लहानशा वर्कशॉपात दिवसा कामाला जातो. रात्री जेवणानंतर बहीण गोळी हातावर ठेवते. चहा झाल्यावर त्याने भविष्य निर्वाह निधीचा कागद पुढे केला. जुन्या कारखान्यातील त्याची दोन वर्षांची नोकरी त्यात धरलेली नाही. ती दुरुस्ती करून घेण्याचे काम सध्या आमच्याकडे आहे.