तेरा खजिने, एक राष्ट्र

१७७३ साली ब्रिटिश पार्लमेंटने एकाच अधिवेशनात ईस्ट इंडिया कंपनीसंबंधी दोन महत्त्वाचे कायदे केले. त्यांपैकी कलकत्त्यास गव्हर्नर जनरल बसविणारा रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट आपल्या शाळांतून पिढ्यानपिढ्या पाठ होत आला. चहाविषयीच्या दुसऱ्या कायद्याची मात्र आपण फारशी दखल घेतली नाही. वस्तुतः दोन्ही कायदे एकाच दिवाळखोरीची अपत्ये होत. बंगालची रयत दुष्काळाने उद्ध्वस्त झालेली, कंपनी कर्जात बुडालेली आणि लंडनच्या वखारींत सुमारे पावणेदोन कोटी रत्तल चिनी चहा गिऱ्हाइकावाचून पडलेला, अशा अवस्थेत तो चहा अमेरिकेतील वसाहतींत स्वस्त दराने खपवावा, अशी मसलत प्रधानमंडळाने योजिली.

चहा स्वस्त मिळत असता वसाहतवाले संतापले का? त्या स्वस्त चहावर रत्तलामागे तीन पेन्सांची जकात तशीच ठेवलेली होती आणि ती ज्या पार्लमेंटने बसविली तीत वसाहतींचा एकही प्रतिनिधी नव्हता. व्हर्जिनियात १६१९ पासून लोकनियुक्त सभा भरत आली होती. आपल्यावरील कर आपल्याच सभेने मंजूर करावयाचा, ही तेथील लोकांची दीड शतकांची वहिवाट होती. १७६३ साली फ्रान्सशी चाललेले सप्तवार्षिक युद्ध संपले तेव्हा इंग्लंडवर सुमारे १३ कोटी पौंडांचे कर्ज साचले होते. अमेरिकेत ठेवलेल्या फौजेच्या खर्चाचा वाटा वसाहतींनी उचलावा, म्हणून १७६५ मध्ये दस्तऐवज, वर्तमानपत्रे, इतकेच नव्हे तर खेळण्याचे पत्ते यांवरही स्टँप बसविण्यात आला. वर्षभरात तो रद्द करावा लागला, पण तो रद्द करतानाच वसाहतींना सर्व बाबतींत बंधनकारक होतील असे कायदे करण्याचा आपला अधिकार पार्लमेंटने ठासून जाहीर केला. भांडण रकमेचे नव्हते, अधिकाराचे होते. म्हणूनच १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या बंदरात चहाच्या ३४२ पेट्या समुद्रार्पण झाल्या.

पुढील हकिकत सुपरिचित आहे. बोस्टन बंदर बंद झाले, एप्रिल १७७५ मध्ये लेक्सिंग्टन येथे गोळी सुटली, टॉमस पेनच्या एका छोट्या पुस्तकाने राजनिष्ठेची उरलीसुरली भीड मोडली आणि ४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत झाला. सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत, असे त्यात लिहिणारा जेफर्सन स्वतः गुलामांचा धनी होता. गुलामांच्या व्यापाराबद्दल राजास दोष देणारा परिच्छेद त्याने मसुद्यात घातला होता. तो वसाहतींच्या प्रतिनिधींच्या काँग्रेसने गाळून टाकला. त्या गाळलेल्या परिच्छेदाची किंमत पुढच्या पिढ्यांना रक्ताने चुकवावी लागली.

१७७८ मध्ये फ्रान्स उघडपणे अमेरिकेच्या बाजूने उतरला, त्या काळी इकडे इंग्रज मराठ्यांशीही झुंजत होते आणि पुण्याच्या दरबारातील फ्रेंच वकिलाच्या वावराने मुंबईकर इंग्रज अस्वस्थ झाले होते. १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउन येथे ज्याच्या फौजेने शस्त्रे खाली ठेविली तो कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी कलकत्त्यास गव्हर्नर जनरल होऊन आला आणि १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणपुढे मराठे सरदार हरिपंत फडक्यांच्या फौजेसह टिपूवर चालून गेला.

१७८३ च्या पॅरिसच्या तहाने स्वातंत्र्य पदरात पडले. राष्ट्र मात्र अद्याप झाले नव्हते, आणि माझ्या मते या इतिहासाचा खरा गाभा येथून पुढे आहे. वसाहतींतून बनलेल्या तेरा संस्थानांनी आपसांत जो करारनामा केला होता, त्यान्वये मध्यवर्ती काँग्रेसला कर बसविण्याचा अधिकारच नव्हता. तिने मागणी करावी आणि संस्थानांनी जमेल तेवढे धाडावे, असा प्रकार. दूरच्या पार्लमेंटच्या जकातीने पोळलेल्या लोकांना स्वतःच्या मध्यवर्ती सत्तेचीही धास्ती वाटत होती. आयात मालावर शेकडा पाच जकात बसवून कर्ज फेडावे, अशी सूचना आली, तेव्हा करारनामा बदलण्यास सर्वांची संमती लागत असल्याने ऱ्होड आयलंड या चिमुकल्या संस्थानाच्या एका नकाराने ती बारगळली. सैनिकांचे पगार थकले, कागदी चलन कवडीमोल झाले आणि १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे कर्जबाजारी शेतकरी, ज्यांत स्वातंत्र्ययुद्धात लढलेले शिपाईही होते, जप्तीच्या हुकमांना कंटाळून न्यायकचेऱ्या बंद पाडू लागले. त्यांच्याशी लढावयास काँग्रेसजवळ ना फौज होती ना पैसा.

म्हणून १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात दारे-खिडक्या बंद करून ५५ प्रतिनिधी बसले. ऱ्होड आयलंडने कोणासच पाठविले नाही. मोठ्या संस्थानांना लोकसंख्येच्या प्रमाणात सभासद हवे होते, लहानांना समान. तेव्हा एक सभागृह लोकसंख्येवर आणि दुसरे प्रत्येकी दोन सभासदांचे, अशी तोड निघाली. दुसरी तोड लज्जास्पद होती: मताचा अधिकार ज्याला नाही त्या गुलामाची प्रतिनिधित्वासाठी तीन-पंचमांश माणूस म्हणून गणना करावयाची, आणि १८०८ पूर्वी गुलामांच्या आयातीवर बंदी घालावयाची नाही. एकजूट साधली ती या अटीवर.

तरीही एका गोष्टीचे मोल मान्य केले पाहिजे. फिलाडेल्फियात तयार झालेली ही राज्यघटना मंजुरीसाठी संस्थानांच्या कायदेमंडळांपुढे नव्हे, तर त्याच कामासाठी लोकांनी निवडलेल्या परिषदांपुढे ठेवण्यात आली. नऊ संस्थानांची संमती पुरेशी ठरविली गेली आणि जून १७८८ मध्ये न्यू हॅम्पशायरने ती नववी संमती दिली. तेरा सरकारांच्या तहाऐवजी लोकांनी स्वतः उभारलेली एक सत्ता, हे रूप तिला त्यामुळे आले. १७९० मध्ये संस्थानांची युद्धकर्जे मध्यवर्ती खजिन्याने आपल्या शिरावर घेतली आणि तेरा हिशेबांच्या वह्या अखेर एका दप्तरात आल्या.

त्याच वर्षी झालेल्या पहिल्या खानेसुमारीत सुमारे ३९ लाख लोकांत सात लाखांच्या आसपास गुलाम निघाले. त्यांच्या मुक्तीसाठी सहा लाखांहून अधिक माणसे यादवीत मरावी लागली, तेव्हा कोठे १८६५ मध्ये घटनेच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपली. आणि त्यानंतर आठच वर्षांनी पुण्यात पेनचे ग्रंथ वाचून वाढलेल्या जोतीराव फुल्यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, त्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केला.