सार्वजनिक कला आणि लोकसहभाग : फिलाडेल्फिया शहरातील सामुदायिक भित्तिचित्रे

प्रस्तावना

सार्वजनिक कला म्हटले की चौकातील पुतळा, शासकीय इमारतीच्या दर्शनी भागातील शिल्प किंवा उद्यानातील कारंजे आपल्या डोळ्यांसमोर येते. या कलाकृती सार्वजनिक असतात त्या स्थानामुळे. त्यांची निवड, रचना आणि निर्मिती यांत सर्वसामान्य नागरिकाचा सहभाग क्वचितच असतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील काही शहरांत याहून वेगळी परंपरा विकसित झाली. ज्या वस्तीत चित्र काढावयाचे त्या वस्तीतील लोकांनीच विषय ठरवावा, आराखड्यास संमती द्यावी आणि शक्य तेथे हाती कुंचलाही घ्यावा, असा या परंपरेचा आग्रह आहे. अशा चित्रांना 'सामुदायिक भित्तिचित्रे' असे म्हटले जाते.

या परंपरेचा सर्वांत मोठा आणि दीर्घकाळ चाललेला प्रयोग पेनसिल्व्हेनिया राज्यातील फिलाडेल्फिया शहरात झाला. १९८४ पासून तेथे ४,००० हून अधिक कलाकृती निर्माण झाल्या आहेत. प्रस्तुत लेखात या उपक्रमाची पार्श्वभूमी, कार्यपद्धती आणि त्यातून उद्भवणारे प्रश्न यांचा परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे. सामुदायिक भित्तिचित्र ज्या परिस्थितीतून जन्मते, ती परिस्थिती पालटण्याची आकांक्षा ते बाळगते. आणि ती खरोखरच पालटली तर चित्राचे स्वतःचे अस्तित्व धोक्यात येते, हा अंतर्विरोध येथे विशेषत्वाने मांडावयाचा आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

आधुनिक भित्तिचित्र चळवळीचे मूळ मेक्सिकोत सापडते. राज्यक्रांतीनंतर १९२० च्या दशकात तेथील शासनाने दिएगो रिव्हेरा, होसे क्लेमेंते ओरोझ्को आणि दाव्हिद आल्फारो सिकेरोस या चित्रकारांना सार्वजनिक इमारतींच्या भिंती उपलब्ध करून दिल्या. १९३० च्या दशकातील आर्थिक मंदीत अमेरिकेच्या संघराज्य शासनानेही बेरोजगार कलावंतांना काम देण्यासाठी भित्तिचित्रांच्या योजना राबविल्या. तथापि या दोन्ही प्रयत्नांत शासन देणारे आणि जनता पाहणारी, हेच नाते कायम राहिले. १९६७ मध्ये शिकागोच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीय कलावंतांनी एकत्र येऊन 'वॉल ऑफ रिस्पेक्ट' ही भिंत रंगविली तेव्हा हे नाते बदलले. शासनाच्या आश्रयाविना, वस्तीने स्वतःच्या नायकांचे चित्रण स्वतःच्या भिंतीवर केले होते. अमेरिकेतील सामुदायिक भित्तिचित्र चळवळीचा आरंभ सामान्यतः येथून मानला जातो.

फिलाडेल्फियात सार्वजनिक कलेची परंपरा जुनी आहे. तेथील 'फेअरमाउंट पार्क आर्ट असोसिएशन' ही संस्था १८७२ मध्ये स्थापन झाली. १९५९ मध्ये बांधकाम खर्चाचा एक टक्का कलाकृतींसाठी राखून ठेवण्याचे धोरण स्वीकारणारे हे अमेरिकेतील पहिले शहर ठरले. मात्र या धोरणाचा लाभ साहजिकच जेथे नवे बांधकाम होत होते त्या भागास अधिक झाला. जेथे बांधकाम थांबले होते, किंबहुना घरे पाडली जात होती, त्या वस्त्यांपर्यंत ही कला पोहोचू शकली नाही.

रिकाम्या भिंतींचे अर्थकारण

भित्तिचित्रासाठी प्रथम भिंत हवी. फिलाडेल्फियात मोकळ्या भिंती इतक्या मोठ्या संख्येने का उपलब्ध झाल्या, या प्रश्नाचे उत्तर शहराच्या आर्थिक इतिहासात आहे. १९५० च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या २०,७१,६०५ होती. २००० मध्ये ती १५,१७,५५० इतकी झाली. म्हणजे अर्धशतकात शहराने सुमारे साडेपाच लाख माणसे गमावली. कारखाने बंद पडले, रोजगार गेला आणि ज्यांना शक्य होते ती कुटुंबे उपनगरांत स्थलांतरित झाली.

या शहरातील बहुसंख्य घरे एकमेकांना लागून, एका ओळीत बांधलेली आहेत. आपल्याकडील 'रो हाऊस' या रचनेशी त्यांचे साम्य आहे. दोन घरांमध्ये एक सामाईक भिंत असते. ओसाड पडलेले एक घर पाडले की शेजारच्या घराची आजवर झाकलेली सामाईक भिंत उघडी पडते आणि तिच्यासमोर रिकामा भूखंड तयार होतो. या भिंतीला खिडकी नसते, दरवाजा नसतो. चित्रकाराच्या दृष्टीने ती उत्तम पृष्ठभाग ठरते. परंतु वस्तीच्या दृष्टीने ती नाहीशा झालेल्या शेजाऱ्याची खूण असते. फिलाडेल्फियातील अनेक भित्तिचित्रे अशा भिंतींवर आहेत, ही गोष्ट त्यांचा अर्थ लावताना विसरून चालणार नाही.

बंदोबस्ताकडून कलेकडे

भिंतींवर रंगाच्या फवाऱ्याने आपले नाव लिहिण्याची आधुनिक प्रथा ज्या शहरांत प्रथम रुजली त्यांत फिलाडेल्फियाचे स्थान अग्रगण्य आहे. 'कॉर्नब्रेड' या टोपणनावाने लिहिणारा तेथील तरुण १९६० च्या दशकाच्या अखेरीसच प्रसिद्धीस आला होता. पुढे ही प्रथा इतकी फोफावली की नगर प्रशासनाला ती डोकेदुखी वाटू लागली. शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर विल्सन गुड यांनी १९८४ मध्ये 'फिलाडेल्फिया अँटी-ग्राफिटी नेटवर्क' ही यंत्रणा उभारली. भिंती विद्रूप न करण्याची लेखी शपथ घेणाऱ्या तरुणांना अभय द्यावे आणि त्यांना विधायक कामाकडे वळवावे, असे तिचे स्वरूप होते. लॉस एंजेलिस येथे भित्तिचित्रांचा अनुभव घेतलेल्या जेन गोल्डन या चित्रकर्तीची या कामासाठी नियुक्ती झाली.

येथे एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. या उपक्रमाचा मूळ हेतू कलानिर्मिती हा नव्हता. तो बंदोबस्ताचा होता. परंतु ज्यांना 'भिंती खराब करणारे' म्हणून प्रशासनाने हेरले त्यांच्यापाशी रेषा, रंग आणि मोठ्या पृष्ठभागाची जाण होती. ही जाण दडपण्याऐवजी तिला शिस्त आणि आशय देता येईल, हे गोल्डन यांनी कृतीने दाखवून दिले. १९९६ मध्ये या यंत्रणेची पुनर्रचना झाली आणि भित्तिचित्रांचा विभाग 'म्युरल आर्ट्स प्रोग्राम' या नावाने स्वतंत्र झाला. नगर प्रशासनाचा निधी आणि स्वतंत्र विश्वस्त संस्थेने उभारलेल्या देणग्या, अशा दुहेरी आधारावर तो पुढे वाढला. गोल्डन यांनी त्याचे नेतृत्व अनेक दशके केले.

निर्मितीची प्रक्रिया आणि तंत्र

सामुदायिक भित्तिचित्राची निर्मिती भिंतीपाशी सुरू होत नाही. ती बैठकीत सुरू होते. वस्तीकडून मागणी येते, घरमालकाची संमती घेतली जाते, भिंतीची अवस्था तपासली जाते. त्यानंतर चित्रकार रहिवाशांशी चर्चा करतो. वस्तीचा इतिहास, तेथील माणसे, दुःखे आणि अपेक्षा यांतून विषय ठरतो. आराखडा लोकांसमोर ठेवला जातो, त्यावर आक्षेप येतात आणि तो बदलला जातो. त्यामुळे प्रत्यक्ष रंगकामापेक्षा ही पूर्वतयारीच पुष्कळदा अधिक वेळखाऊ ठरते.

लोकसहभागाला तंत्राचीही जोड मिळाली आहे. पूर्वी चित्र थेट भिंतीवर काढावे लागे. त्यासाठी परांचीवर चढणे अपरिहार्य होते. आता पुष्कळ चित्रे 'पॅराशूटचे कापड' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, न विणलेल्या पातळ कृत्रिम कापडाच्या चौकोनी तुकड्यांवर रंगविली जातात. आराखड्याची चौकटींत विभागणी करून प्रत्येक तुकड्यावर बाह्यरेषा उमटविल्या जातात आणि कोणत्या भागात कोणता रंग भरावयाचा याचे क्रमांक दिले जातात. रंगविलेले तुकडे ॲक्रिलिक जेलच्या साहाय्याने भिंतीवर चिकटविले जातात आणि वरून संरक्षक लेप दिला जातो. चित्रकलेचे शिक्षण नसलेली व्यक्तीही शाळेत, वृद्धाश्रमात वा कारागृहात बसून चित्राचा एखादा भाग रंगवू शकते. भिंतीपर्यंत येऊ न शकणाऱ्या माणसालाही भिंतीवर जागा मिळते, हे या तंत्राचे सामाजिक मोल आहे.

सहभागाची काही रूपे

लोकसहभागाचे स्वरूप प्रत्येक चित्रात सारखे नसते. मेग सॅलिगमन यांचे 'कॉमन थ्रेड्स' (१९९८) हे आठ मजली उंचीचे चित्र ब्रॉड स्ट्रीट आणि स्प्रिंग गार्डन स्ट्रीट यांच्या चौकाजवळ आहे. त्यात शहरातील शाळकरी मुलामुलींच्या आकृती जुन्या शोभेच्या बाहुल्यांच्या आकृतींसमवेत येतात. येथे सामान्य विद्यार्थी चित्राचा विषय होतो. एरवी एवढी उंची राजे, सेनापती वा जाहिरातींतील चेहरे यांच्याच वाट्यास येते.

ग्रेज फेरी या वस्तीत १९९७ मध्ये कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय रहिवाशांत तीव्र तणाव निर्माण झाला. त्या पार्श्वभूमीवर जेन गोल्डन आणि पीटर पॅगास्ट यांनी 'पीस वॉल' हे चित्र साकारले. एकमेकांवर ठेवलेले निरनिराळ्या वर्णांचे हात, एवढाच त्याचा विषय आहे. प्रतिमा साधी, काहीशी अपेक्षितही आहे. परंतु एकमेकांशी बोलणे टाळणारे शेजारी एका आराखड्यावर चर्चा करण्यासाठी एकत्र आले, ही तिची खरी फलश्रुती होय. केवळ सौंदर्यशास्त्रीय निकषांवर अशा चित्राचे मूल्यमापन अपुरे ठरते.

तिसरे उदाहरण अधिक कठीण आहे. २००४ मधील 'हीलिंग वॉल्स' या प्रकल्पात ग्रेटरफोर्ड येथील कारागृहातील (हे कारागृह २०१८ मध्ये बंद झाले) शिक्षा भोगणारे कैदी आणि गुन्ह्यांची झळ पोहोचलेल्या व्यक्ती सहभागी झाल्या. सीझर व्हिव्हेरोस आणि पॅरिस स्टॅन्सेल या चित्रकारांनी त्यातून दोन चित्रे घडविली. एक कैद्यांच्या आंतरिक प्रवासाचे, तर दुसरे पीडितांच्या प्रवासाचे. दोन्ही अनुभव एकाच प्रतिमेत विरघळवून टाकण्यात आले नाहीत, त्यांना स्वतंत्र भिंती मिळाल्या, ही बाब सूचक आहे. लोकसहभाग म्हणजे मतभेद मिटविणे नव्हे. मतभेदांसह शेजारी उभे राहता येणे, हाही त्याचा अर्थ असू शकतो.

अशा चित्रांचा परिणाम मोजण्याचा प्रयत्नही झाला आहे. मानसिक आरोग्य सेवांशी जोडलेल्या 'पोर्च लाइट' या उपक्रमाचे येल विद्यापीठाच्या संशोधकांनी मूल्यमापन केले. नवी भित्तिचित्रे झालेल्या परिसरातील रहिवाशांत परस्परविश्वास व सामूहिक सामर्थ्याची भावना वाढल्याचे, तसेच मानसिक आजारांविषयीचा दूषित दृष्टिकोन काहीसा कमी झाल्याचे त्यांना आढळले. मात्र चित्र हा घर, रोजगार वा औषधोपचार यांचा पर्याय होऊ शकत नाही, याचे भान अशा निष्कर्षांचा आधार घेताना ठेवावयास हवे. पडक्या वस्तीतील एका भिंतीला रंग देऊन प्रशासनाने उर्वरित जबाबदारीतून अंग काढून घेतले, तर ते चित्र सजावटीहून अधिक काही उरत नाही.

चित्राचे आयुष्य आणि अधिकाराचा प्रश्न

भित्तिचित्र हे स्वभावतःच नश्वर आहे. ऊन, पाऊस आणि हिवाळ्यातील बर्फ यांमुळे रंग उडतो, गिलावा सुटतो. दुरुस्तीसाठी निधी लागतो. आणि नव्या चित्राला देणगीदार मिळतो तितक्या सहजपणे जुन्याच्या डागडुजीला मिळत नाही. परंतु फिलाडेल्फियातील चित्रांपुढील मोठे संकट निसर्गाचे नाही. ज्या रिकाम्या भूखंडामुळे भिंत दिसते, त्या भूखंडावर नवी इमारत उभी राहिली की चित्र कायमचे झाकले जाते. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १६,०३,७९७ पर्यंत वाढली. परिसराची दुरवस्था चित्राला जागा देते. परिसराची भरभराट ती काढून घेते. नवी इमारत वस्तीतील जुन्या रहिवाशांच्या उपयोगी पडणार असेल तर हा तोटा सुसह्य म्हणता येईल. परंतु वाढत्या भाड्यांमुळे तेच रहिवासी वस्ती सोडून गेले, तर चित्राबरोबर त्यातील माणसांची स्मृतीही पुसली जाते.

कायदा या ठिकाणी अपुरा पडतो. अमेरिकेतील १९९० च्या दृश्य कलावंतांच्या हक्कविषयक कायद्याने कलावंताला आपल्या मान्यताप्राप्त कलाकृतीच्या विध्वंसाविरुद्ध काही संरक्षण दिले आहे. भिंतीच्या मालकाला मालमत्तेचा हक्क आहेच. परंतु ज्या समुदायाने विषय सुचविला, चेहरे दिले आणि रंगही भरले, त्याला हा कायदा कोणताही हक्क देत नाही. सामुदायिक चित्रात समुदाय हाच कायदेशीरदृष्ट्या अनुपस्थित असतो.

चित्र ठेवावे की पुसावे, हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने २०२० मध्ये उपस्थित झाला. फ्रँक रिझो हे आधी शहराचे पोलीस आयुक्त आणि १९७२ ते १९८० या काळात महापौर होते. नाइन्थ स्ट्रीटवरील इटालियन मार्केटमध्ये १९९५ साली डायेन केलर यांनी त्यांचे भित्तिचित्र काढले. इटालियन वंशाच्या अनेक रहिवाशांना त्यात आपल्या माणसाचा गौरव दिसत होता. कृष्णवर्णीय नागरिकांना मात्र त्यात पोलिसी दडपशाहीचा चेहरा दिसत होता, आणि चित्रावर वारंवार रंग फेकला जात होता. मे २०२० मध्ये मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड यांची पोलिसांकडून हत्या झाल्यानंतर देशभर आंदोलने झाली. जूनमध्ये रिझो यांचा पुतळा हलविण्यात आला आणि त्या पाठोपाठ हे चित्रही घरमालकाच्या संमतीने रंग देऊन झाकण्यात आले. 'समुदाय' हा शब्द आपण एकवचनी वापरतो. परंतु एकाच भिंतीसमोरून अनेक समुदाय ये-जा करीत असतात, हे या घटनेने स्पष्ट केले. ज्या वस्तीने चित्राला संमती दिली तिच्याइतकाच, ज्यांची संमती कधीच विचारली गेली नाही त्यांचाही त्या भिंतीशी संबंध असतो.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, सामुदायिक भित्तिचित्राचे मूल्य पूर्ण झालेल्या प्रतिमेइतकेच तिच्या निर्मितीप्रक्रियेत असते. त्यामुळे चित्र नष्ट झाले तरी प्रक्रियेतून निर्माण झालेले संबंध उरू शकतात. आणि प्रक्रिया टाळून काढलेले चित्र कितीही देखणे असले तरी त्याला सामुदायिक म्हणता येत नाही. दुसरा, नियंत्रणाच्या हेतूने सुरू झालेला शासकीय उपक्रमही योग्य नेतृत्व लाभल्यास अभिव्यक्तीचे साधन होऊ शकतो. तिसरा, लोकसंमती एकदा घेऊन संपत नाही. वस्ती बदलते, स्मृती बदलते, आणि म्हणून ती संमती प्रत्येक पिढीत नव्याने मागावी लागते.

भित्तिचित्रांच्या उपक्रमांचा हिशेब साधारणतः किती भिंती रंगल्या, या संख्येत मांडला जातो. अभ्यासकाने त्यापुढे जाऊन काही प्रश्न विचारावयास हवेत. ही भिंत उघडी का पडली? चित्राचा विषय कोणी ठरविला? बैठकीस कोण आले नव्हते? आणि समोरच्या भूखंडावर उद्या इमारत उभी राहिली, तर तिच्यात राहावयास कोण येणार? या प्रश्नांच्या उत्तरांतूनच सार्वजनिक कलेतील 'सार्वजनिक' या शब्दाचा खरा अर्थ निश्चित होतो.