मोटारीचा भाडेपट्टा : वापर आपला, मालकी परक्याची

पांढुर्णा आणि सौसर या भागांत संत्र्याचा बाग झाडावरच विकण्याची रीत जुनी आहे. बहार धरला की व्यापारी बागेत फिरून फळांचा अंदाज घेतो, बयाणा देतो आणि सौदा पक्का होतो. झाडे आणि जमीन शेतकऱ्याचीच राहतात. त्या बहारापुरते फळ मात्र व्यापाऱ्याचे होते. तोडणीच्या वेळी फांद्या मोडल्या तर भरपाई कोणी द्यावयाची, गारपीट झाली तर तोटा कोणी सोसावयाचा, हे आधी ठरलेले असेल तर व्यवहार सुरळीत पार पडतो. ठरलेले नसेल तर ऐन हंगामात वाद उभा राहतो. शेत मक्त्याने देण्याघेण्यातही तत्त्व हेच असते. वस्तूची मालकी एकाकडे आणि ठरावीक मुदतीचा उपभोग दुसऱ्याकडे, अशी ही विभागणी आहे. अलीकडे शहरांतून रूढ होऊ लागलेला खासगी मोटारीचा भाडेपट्टा, ज्याला व्यवहारात ‘लीज’ म्हणतात, तो याच जातीचा करार होय.

मोटार घरी आणण्याचे जे मार्ग आहेत त्यांतील भेद प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. कर्ज काढून घेतलेली गाडी पहिल्या दिवसापासून घेणाऱ्याची असते. ती फक्त बँकेकडे तारण राहते. भाडे-खरेदीच्या करारात शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी पैसे पुरविणाऱ्याची असते आणि नंतर ती वापरणाऱ्याकडे येते. भाडेपट्ट्यात मात्र दोन, तीन किंवा चार वर्षांची मुदत संपली की गाडी परत करावयाची असते. दर महिन्याला दिलेले पैसे गाडीच्या किमतीत जमा होत नाहीत. ते केवळ वापराचे मोल असते. मुदतीअखेर गाडी विकत घेण्याची सवलत काही करारांत असते, काहींत नसते. तोंडी आश्वासनाला येथे अर्थ नाही. सवलत असेल तर तिची किंमतही करारातच लिहिलेली असली पाहिजे.

भारतात यंत्रे व वाहने भाडेपट्ट्याने देण्याचा संघटित व्यवसाय 1973 साली मद्रासला सुरू झाला. पुष्कळ वर्षे त्याचे गिऱ्हाईक म्हणजे कारखाने आणि मोठ्या कंपन्या असत. सामान्य कुटुंबापर्यंत ही पद्धत गेल्या काही वर्षांतच पोचू लागली. मारुती सुझुकी कंपनीने 2020 साली मासिक वर्गणीची योजना आणल्यावर तिची चर्चा अधिक झाली. तथापि या व्यवहारासाठी देशात स्वतंत्र कायदा नाही. भाडे-खरेदीसाठी संसदेने 1972 साली कायदा केला होता. पण तो कधी अमलात आलाच नाही आणि 2005 साली रद्दही झाला. त्यामुळे 1872 चा करारांचा कायदा, 1988 चा मोटार वाहन कायदा आणि प्रत्यक्ष कागदावरील शब्द एवढाच आधार उरतो. म्हणूनच या करारातील प्रत्येक कलमाला इतके महत्त्व आहे.

मासिक भाडे कसे ठरते हे समजले की निम्मे गूढ उकलते. त्याचे मुख्य घटक तीन : मुदतीत गाडीची किंमत जितकी उतरेल ती घट, कंपनीचे पैसे गुंतून राहतात त्यावरील आकार आणि कर. समजा, 9,00,000 रुपयांची गाडी तीन वर्षांनी 5,00,000 रुपयांची उरेल असे कंपनीने धरले. घट 4,00,000 रुपयांची झाली. ती 36 महिन्यांवर वाटली म्हणजे महिन्याला सुमारे 11,111 रुपये होतात. आरंभीच्या आणि अखेरच्या किमतीची सरासरी 7,00,000 रुपये. त्यावर दरसाल 11 टक्क्यांनी आकार धरला तर महिन्याला सुमारे 6,417 रुपये येतात. बेरीज 17,528 रुपये. भाडेपट्ट्याच्या भाड्यावर त्या गाडीच्या विक्रीला जो दर लागतो त्याच दराने वस्तू व सेवा कर लागतो. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान मोटारींसाठी हा दर 18 टक्के, मोठ्या मोटारींसाठी 40 टक्के आणि विजेवरच्या मोटारींसाठी 5 टक्के आहे. गाडी लहान असेल तर कराचे 3,155 रुपये मिळवून भाडे 20,683 रुपये होते. तीन वर्षांत 7,44,588 रुपये दिले जातात आणि अखेरीस हाती काही राहत नाही.

आता हीच गाडी पूर्ण किमतीचे कर्ज काढून, दरसाल 10 टक्के व्याजाने, पाच वर्षांच्या मुदतीवर घेतली असे धरू. हप्ता सुमारे 19,122 रुपये पडेल. तीन वर्षांत 6,88,392 रुपये भरून झाल्यावर सुमारे 4,14,400 रुपये देणे उरेल. त्या वेळी गाडी 5,00,000 रुपयांना विकून कर्ज फेडले तर सुमारे 85,600 रुपये हाती येतील. म्हणजे तीन वर्षांच्या वापराचा निव्वळ खर्च 6,03,000 रुपयांच्या आसपास झाला. दोहोंतील फरक 1,41,000 रुपयांहून अधिक आहे. हे आकडे केवळ रीत समजण्यासाठी घेतलेले आहेत. विमा आणि दुरुस्ती यांचा खर्च दोन्हीकडे सारखा मानून सोडून दिला आहे. घाऊक खरेदीमुळे कंपनीला गाडी स्वस्तात पडली तर हा फरक कमी होईल. गाडी तीन वर्षांनी अंदाजापेक्षा कमी किमतीला गेली तर तो तोटा कंपनीचा, वापरणाऱ्याचा नव्हे. भाडेपट्ट्याचा खरा लाभ कोणता असेल तर हाच. पण मासिक आकडा लहान दिसतो म्हणून व्यवहार स्वस्त आहे, हा समज टिकणारा नाही. मुदतभरात एकूण किती द्यावयाचे आणि शेवटी काय उरावयाचे, हेच दोन प्रश्न खरे.

यानंतर येते किलोमीटरची मर्यादा. बहुतेक करारांत वर्षाला अमुक इतकाच प्रवास ठरलेला असतो व त्यावरील प्रत्येक किलोमीटरला जादा आकार पडतो. पांढुर्ण्याहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर. दवाखाना, बाजार, मुलांचे शिक्षण आणि सोयरीक यांसाठी इकडची माणसे सदैव नागपूरला जातयेत असतात. आठवड्याला एक खेप म्हटली तरी वर्षाचे 10,400 किलोमीटर होतात. मर्यादा 15,000 किलोमीटरची असली तर गावातल्या आणि शेतावरच्या फेऱ्यांना 4,600 उरतात. आठवड्याला दोन खेपा झाल्या तर 20,800 किलोमीटर होऊन मर्यादा 5,800 ने ओलांडली जाते. जादा आकार किलोमीटरला 8 रुपये धरला तर वर्षाला 46,400 रुपयांचा भुर्दंड बसतो. सौसर नागपूरला अधिक जवळ असल्याने तेथील हिशेब थोडा सौम्य होईल, एवढेच. करार करण्यापूर्वी गेल्या वर्षाचा खरा प्रवास मोजून पाहावा.

या दोन तालुक्यांपुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो, तो सीमेचा. 1956 च्या 1 नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली तेव्हा तोवर मध्यप्रदेशची राजधानी असलेले नागपूर मुंबई राज्यात गेले आणि मराठी बोलणारे पांढुर्णा व सौसर छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्यप्रदेशातच राहिले. 2023 साली त्यांचा वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. परंतु बाजारपेठ नागपूरचीच राहिली. भाडेपट्ट्याची गाडी नागपूरहून आली तर तिची पाटी महाराष्ट्राची असणार. मोटार वाहन कायद्याच्या 47 व्या कलमाप्रमाणे एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली तर तेथे नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, नव्या राज्याचा वाहनकर भरावा लागतो आणि जुन्या करातील परतावा निराळा मागावा लागतो. नोंदणी कंपनीच्या नावे असेल तर यांतील प्रत्येक कागदावर सही कंपनीची हवी. तीन वर्षांचा पट्टा म्हणजे हा प्रसंग येणारच. म्हणून नोंदणी आरंभीच मध्यप्रदेशात व्हावी. ते शक्य नसेल तर हस्तांतराचा खर्च आणि खटाटोप कोणाचा, हे करारात स्पष्ट असावे.

मालकी कंपनीची असल्यामुळे जबाबदारीही तिचीच, असे पुष्कळांना वाटते. कायदा तसे म्हणत नाही. मोटार वाहन कायद्यातील ‘मालक’ या शब्दाच्या व्याख्येत भाडेपट्ट्याने गाडी ताब्यात असलेली व्यक्ती येते. तारणावरील एका वाहनाच्या अपघातप्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये हेच सूत्र लावून, ताबा ज्याच्याकडे त्याला मालक मानले आणि पैसे पुरविणाऱ्या बँकेला दायित्वातून मोकळे केले. उलट जानेवारी 2013 मधील एका निर्णयात त्याच न्यायालयाने भाडेपट्ट्याने दिलेल्या वाहनांवरील घसाऱ्याची प्राप्तिकर-सवलत पट्टा देणाऱ्या कंपनीला मिळते असे ठरविले. एकाच गाडीच्या मालकीला अशी दोन अंगे आहेत : घसाऱ्याचा लाभ एकाकडे, अपघाताचा भार दुसऱ्याकडे. यास्तव विमा चालू आहे ना, त्याचे नूतनीकरण कोणी करावयाचे आणि हप्ता भाड्यात धरला आहे की निराळा, हे वापरणाऱ्याने स्वतः पाहिले पाहिजे.

गाडी चोरीस गेली किंवा अपघातात पुरती निकामी झाली तर विमा कंपनी पॉलिसीत जाहीर केलेल्या किमतीइतकी रक्कम देते. कराराप्रमाणे पट्टेदाराचे देणे त्याहून अधिक निघाले तर वरचा भाग त्याच्या अंगावर पडू शकतो. तो भरून काढणारा पूरक विमा मिळतो. तो घेतला आहे की नाही हे विचारावे. शिवाय खासगी नोंदणीची गाडी लग्नसराईत भाड्याने फिरवू नये. परवान्याशिवाय असा वापर करणे कायद्याने गुन्हा आहे. विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि पट्ट्याचा करारही मोडतो.

सर्वांत जड कलम असते ते मुदतपूर्व समाप्तीचे. सौसरजवळच्या बोरगावच्या कारखान्यांतील नोकरदाराला पगार महिन्याच्या महिन्याला मिळतो. संत्रे आणि कापूस पिकविणाऱ्याचे तसे नाही. त्याच्या हाती पैसा येतो तो आंबिया किंवा मृग बहार विकल्यावर, नाही तर कापूस बाजारात गेल्यावर. भाडे मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेस द्यावयाचे असते. एखादा बहार गळाला, दोनतीन भाडी थकली, की कंपनी करार संपवू शकते आणि उरलेल्या महिन्यांच्या भाड्याचा मोठा वाटा मागू शकते. नोकरदारालाही धोका आहेच : मालकामार्फत घेतलेल्या पट्ट्यात नोकरी सुटली की हाच आकार पुढे येतो. करार कायद्याच्या 74 व्या कलमाप्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देववते. लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा ठरते. थकबाकीसाठी गुंड पाठवून गाडी ओढून नेण्याच्या प्रकारांचा सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली कठोर शब्दांत निषेध केला आहे. परंतु न्यायालयाची पायरी चढण्यापेक्षा सही करण्यापूर्वीच तो आकडा विचारून घेणे सोपे.

गाडी परत करतानाही वाद होतात. ‘सामान्य झीज’ आणि ‘नुकसान’ यांतील रेषा कोणी आखावयाची? काळ्या मातीच्या पांदणीतून धावलेली, मागच्या बाजूस संत्र्यांच्या क्रेट वाहिलेली गाडी नागपूरच्या डांबरी रस्त्यावरील गाडीसारखी राहणार नाही. म्हणून ताबा घेताना आणि देताना दोन्ही पक्षांच्या समक्ष, तारखेसह छायाचित्रे काढून स्थितीची नोंद करावी आणि अनामत रक्कम किती दिवसांत परत मिळेल हे लिहून घ्यावे.

हे करार बहुधा इंग्रजीत असतात आणि वाद झाल्यास तो मुंबई-दिल्लीसारख्या दूरच्या शहरातच चालेल असे त्यांत म्हटलेले असते. ते वाचून पांढुर्ण्याचा माणूस हताश होतो. त्याला कारण नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो जेथे राहतो वा काम करतो तेथील आयोगाकडे तक्रार करण्याचा हक्क दिला आहे. अवाजवी अनामत, कसूर क्षुल्लक असताना लादलेला बेसुमार दंड आणि सबळ कारणाशिवाय एकतर्फी करार संपविण्याची मुभा, या गोष्टी असलेल्या कराराला तो कायदा ‘अन्याय्य करार’ म्हणतो. अशा कराराविरुद्धची तक्रार राज्य आयोगापुढे करावयाची असते. इंग्रजी न समजणाऱ्याने तर जाणत्याकडून कराराचा मराठी वा हिंदी अर्थ समजून घेतल्याशिवाय सही करूच नये.

ज्याची बदली होत राहते, ज्याला तीन वर्षांनी गाडी बदलावयाचीच आहे आणि ज्याचे उत्पन्न मासिक व निश्चित आहे, त्याला भाडेपट्टा सोयीचा ठरू शकेल. जो एकच गाडी दहा वर्षे वापरतो, पोळ्याला बैलांबरोबर तिलाही झूल घालतो, त्याच्यासाठी हा मार्ग नव्हे. संत्र्याचा व्यापारी बाग घेताना प्रत्येक झाडाखाली उभा राहून वर पाहतो. मोटारीचा पट्टा घेणाऱ्याने कराराच्या प्रत्येक कलमाखाली तसेच थांबावे. मग सही करावी, किंवा करू नये.