मैलापाण्याकाठचे रोहित

पूर्व द्रुतगती महामार्गावरून भांडुपला खाडीकडे वळलं की वास आणि पक्षी एकाच वेळी सुरू होतात. पक्षिनिरीक्षकांच्या तोंडी या जागेचं नाव नुसतं ‘पंपिंग’. रविवारी पहाटे दुर्बिणी घेऊन ते येतात आणि शेकाट्या, थापट्या, धोबी मोजून नाश्त्याला परततात. ज्या पाण्यामुळे हे पक्षी इथे आहेत, ते पाणी बघायला मात्र फारसं कोणी थांबत नाही. मी थांबले.

मैलापाणी प्रक्रिया केंद्रात पहिल्यांदा दिसते ती जाळी. गटारांचे नळ उतारानं येतात, त्यामुळे खाडीपाशी पोचेपर्यंत ते जमिनीत खोल गेलेले असतात. तिथून पाणी पंपानं वर उचलावं लागतं. पंपात अडकू नये म्हणून त्याआधी जाळी. तिच्या दातांवर शहर अडकलेलं असतं: गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, पॅड, केसांचे गुंते. मी रुमाल काढला तसा तिथला कामगार म्हणाला, “नाकाला नका लावू ताई, मग जास्तच येतो. पाच मिनिटं उभ्या राहा.” त्याचं खरं होतं. सकाळी लोंढा वाढतो तो घराघरांतल्या आंघोळींबरोबर. मुलुंड-भांडुप उठलं हे इथे आवाजावरून कळतं.

पुढे मोठमोठे तलाव आहेत. सगळे त्यांना लगूनच म्हणतात. त्यात तरंगणारे एरेटर पाणी घुसळून वर उडवतात. इथे वास बराच उतरतो, पहिल्या पावसानंतरच्या चिखलासारखा होतो. पाणी ‘शुद्ध’ करणारं यंत्र शोधत होते, पण तसं काही नाहीच. काम करतात जिवाणू. यंत्रं फक्त त्यांना हवा पुरवतात. विरघळलेली घाण खाताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात. हे जेवण खाडीत उरकलं असतं तर मासे गुदमरले असते, म्हणून त्यांना इथेच आधी वाढायचं. मला तर हा सगळा कारखाना म्हणजे एक पंगतच वाटली.

पंगत उठल्यावरही काही उरतंच. अशा तलावांत नत्र आणि स्फुरद फारसं काढलं जात नाही. ते तिवरांमधून ठाणे खाडीत जातं आणि तिथे त्याचं खत होतं. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर आणि उथळ पाण्यात शेवाळ माजतं, आणि लहान रोहित (लेसर फ्लेमिंगो) चोच उलटी धरून तेच गाळून खातात. त्यांचा गुलाबीपणाही या खाण्यातूनच येतो. १९९०च्या दशकापासून खाडीत त्यांचे मोठे थवे येऊ लागले. २०१५मध्ये अभयारण्य झालं, २०२२मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव आलं. गुलाबी थवा म्हणजे खाडी स्वच्छ असल्याचा दाखला, असं फोटोखाली लिहिणाऱ्यांनी एकदा जाळीपाशी उभं राहून बघावं.

आता भांडुपला रोज २१५ दशलक्ष लिटर क्षमतेचा नवा प्रकल्प उभा राहतो आहे. मुंबईत असे सात, मिळून २,४६४ दशलक्ष लिटरचे. नव्या पद्धतीत नत्रही काढता येतं. मग शेवाळाचं काय आणि रोहितांचं काय, हा प्रश्न पक्षिनिरीक्षकांच्या गप्पांत येतो. प्रश्न रास्त आहे, पण पक्ष्यांसाठी मैला तसाच सोडा असं म्हणण्याची माझी तरी छाती नाही.

परतताना धक्क्यावर एक कोळी जाळं झटकत होते. टोपलीत निवट्या, थोडी कोळंबी. समोर भरती चढत होती तसे रोहित मागे सरकत होते. मी म्हटलं, यंदा पाखरं खूप आहेत, नाही का काका?

“पाखरांना मानवलंय हे पाणी,” ते म्हणाले. “बोय मासळीचं विचारा.”