साठ चौरस इंच

लेअर म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांच्या शेडमधला पिंजरा अंड्याच्या सोयीचा आहे, हे मान्यच केलं पाहिजे. जाळीचा तळ पुढे किंचित उतरता असतो. अंडं पडलं की घरंगळत बाहेरच्या पन्हळीत येतं, विष्ठा खाली जाते, अंडं स्वच्छ राहतं. हाल होतात ते कोंबडीचे. आपल्याकडे सर्रास दिसणारा हिशेब म्हणजे १५ बाय १२ इंचांच्या पिंजऱ्यात तीन कोंबड्या. एकीच्या वाट्याला ६० चौरस इंच, म्हणजे सुमारे ३८७ चौरस सेंटिमीटर. डॉकिन्स आणि हार्डी या संशोधकांनी १९८९ साली मोजमाप प्रसिद्ध केलं, त्यात कोंबडीला नुसतं उभं राहायला किमान ४२८ आणि जागच्या जागी वळायला किमान ७७१ चौरस सेंटिमीटर लागलेले दिसतात. तरी माझ्या मते जागेहून मोठा प्रश्न अंडं घालण्याआधीच्या वेळेचा आहे. तेव्हा ती आडोसा शोधते. पुढे जाते, मागे येते, कोपऱ्यात डोकं खुपसते, शेजारणीच्या पोटाखाली शिरू पाहते. ही ओढ शरीरातूनच येते. पिंजऱ्यातल्या पिढ्यांनंतरही ती गेलेली नाही. घरट्यापर्यंत पोचण्यासाठी कोंबड्या जड दारंही ढकलतात, हे प्रयोगांतून दिसलं आहे.

यावर पोल्ट्रीवाले म्हणतात, पिंजरे काढून मोकळ्या शेडमध्ये सोडल्या तर कोंबड्या एकमेकींना टोचतात, उंच दांड्यांवरून पडून छातीचं हाड मोडून घेतात. हे खरं आहे आणि झटकून टाकण्यासारखं नाही. पण त्यातलं बरंच काही रचनेतून सुधारतं. स्वित्झर्लंडमधल्या एका अभ्यासात बहुमजली शेडमध्ये उतरते रॅम्प बसवल्यावर पडण्याचं प्रमाण ४५ टक्क्यांनी आणि हाडं मोडण्याचं २३ टक्क्यांनी घटलं. चांगला भुसा, वेगळं घरटं, टोचाटोची न करणारी जात निवडणं, यांनीही फरक पडतो. साठ चौरस इंचांत मात्र मालक कितीही मायाळू असला तरी घरटं बसत नाही. असं केलं तर अंडं महाग होईल, हा आक्षेपही रास्त आहे, कारण गरिबाच्या ताटातलं ते स्वस्त प्रथिन आहे. म्हणूनच हा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकता येणार नाही. प्राण्याला पुरेशी हालचाल करता येईल एवढा पिंजरा हवा, हे प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या आपल्या १९६० च्या कायद्यातच आहे. राहिलाय प्रश्न मुदतीचा आणि पैशाचा. युरोपीय संघाने १९९९ साली निर्देश काढून साध्या पिंजऱ्यांना २०१२ उजाडेपर्यंत वेळ दिला होता. शेडचं कर्ज फेडत असलेल्या आपल्या शेतकऱ्यालाही तशी मुदत आणि नव्या रचनेसाठी स्वस्त कर्ज मिळायला हवं.