स्नोमोबाइलची गार पडलेली मूठ

स्नोमोबाइलच्या हँडलवरची गरम होणारी मूठ ही चैनीची वस्तू नव्हे. क्वेबेक प्रांतातल्या व्हाल्कूर गावच्या जोसेफ-आर्मां बोम्बार्दिए यांनी १९५९ मध्ये ‘स्की-डू’ बाजारात आणली, तेव्हापासून या गाडीचा मूळ घाट फारसा बदललेला नाही: पुढे दोन स्की, मागे फिरणारा रबरी पट्टा आणि वर उघड्यावर बसलेला चालक. हवा उणे २० अंश सेल्सियस असताना ताशी ६० किलोमीटरचा वारा लागला, तर कॅनडाच्या हवामान खात्याच्या सूत्राप्रमाणे उघड्या कातडीला ती थंडी उणे ३६ अंशांइतकी झोंबते, आणि अशा थंडीत दहा ते तीस मिनिटांत हिमदंश होऊ शकतो. हातमोजे असतातच, पण हँडल घट्ट आवळलेल्या बोटांपर्यंत रक्त कमी पोहोचते आणि दांड्याचा धातू उष्णता ओढून घेतो. या गाडीचा थ्रॉटल मोटारसायकलसारखा पिळायचा नसतो, तो उजव्या अंगठ्याने दाबायचा असतो. ब्रेक डाव्या हातात. बोटे बधिर झाली की वेग आणि ब्रेक या दोन्हींवरचा ताबा ढिला पडतो.

मुठीच्या आत असते ती एक पातळ तापणारी पट्टी, म्हणजे हीटिंग एलिमेंट. उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या दोन पापुद्र्यांमध्ये धातूच्या वर्खाची नागमोडी रेघ दाबून बसवलेली असते. त्या रेघेतून वीज गेली की ती तापते. सुटी पट्टी हँडलच्या साधारण २२ मिलिमीटर जाडीच्या दांड्याभोवती चिकटवतात आणि तिच्यावर रबरी मूठ चढवतात. काही कंपन्या पट्टी मुठीच्या रबरातच ओतून देतात. तिथे दुरुस्ती अशी नसते, सबंध मूठच बदलावी लागते. अंगठ्यासाठी थ्रॉटलच्या तरफेवर आणखी एक लहानसा तापणारा तुकडा असतो. प्रत्येक वेळी थ्रॉटल दाबला की त्याची वायर वाकते, त्यामुळे तो वारंवार दगा देतो.

मूठ तापत नाही म्हटल्यावर लगेच नवी पट्टी मागवण्याची घाई बहुतेक जण करतात, आणि तिथेच पैसे वाया जातात. पट्टी स्वतः जळण्याआधी बिघडू शकतील अशा जागा पुष्कळ आहेत. हँडल डावी-उजवीकडे वळते तिथे वायर पिळवटून आतून तुटते, वरचे आवरण मात्र शाबूत दिसते. कनेक्टरमध्ये वितळलेल्या बर्फाचे पाणी शिरून पितळेवर हिरवट थर चढतो. स्विच खराब होतो, फ्यूज उडतो. दोन्ही मुठी एकदम गार पडल्या तर आधी फ्यूज, स्विच आणि वीजपुरवठा पाहावा. एकच गार असेल तर त्या बाजूची वायर आणि पट्टी. जुन्या, दोरी ओढून सुरू करायच्या पुष्कळ गाड्यांत बॅटरी नसते. तिथे इंजिनवरच्या स्टेटरमधून थेट वीज येते आणि इंजिन मंद चालत असताना ती कमी पडते. अशी गाडी उभ्या उभ्या तपासली तर चांगली मूठही निकामी वाटते.

खरा निवाडा मल्टीमीटर देतो. पट्टीच्या वायरचा कनेक्टर सोडवायचा, मीटर ओहमवर ठेवायचा आणि वायरींच्या टोकांना लावायचा. किती आकडा यायला हवा, याचा हिशेब सोपा आहे: व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. १२ व्होल्टवर ३० वॅटच्या पट्टीचा रोध ४.८ ओहम येतो, म्हणजे तिच्यातून अडीच अँपिअर वीज जाते. २० वॅटची असेल तर ७.२ ओहम. मीटरने अनंत रोध दाखवला तर रेघ किंवा वायर तुटली आहे. आकडा शून्याजवळ असेल तर आत शॉर्ट आहे. तीन वायरच्या पट्टीत विजेला दोन मार्ग असतात, एक मंद आचेचा आणि एक तेज; त्यातला एकच तुटला तर मूठ एका खटक्यावर तापते आणि दुसऱ्यावर गार राहते.

आकडा बरोबर आला तरी मीटर लगेच काढू नये. वायर मुठीतून बाहेर पडते तिथे बोटांनी हलकेच इकडेतिकडे वाकवून पाहावे. आकडा ४.८ वरून एकदम अनंतावर उडी मारतो आणि पुन्हा खाली येतो, असे दिसले तर चोर सापडला. ती तुटकी जागा मुठीच्या बाहेर असेल तर तेवढाच तुकडा कापून नवी वायर डाख देऊन जोडता येते. शेवटी मीटरची एक तार पट्टीच्या वायरला आणि दुसरी हँडलच्या उघड्या धातूला लावावी. तिथे आकडा दिसला तर प्लास्टिक फाटून वर्ख दांड्याला टेकला आहे. अशी पट्टी बदललीच पाहिजे.

मूठ काढण्याची उत्तम रीत म्हणजे दाबाची हवा. कॉम्प्रेसरची बारीक नळी मुठीच्या कडेखाली सरकवली की रबर फुगून दांड्यापासून सुटते आणि मूठ सहज ओढता येते. गोंद पक्का असेल तर हीट गनने आधी कोमट करावे. पट्टी जायचीच असेल आणि मूठही जुनी असेल, तर ब्लेडने लांबीत चिरून दोन्ही सोलून टाकणे सोपे पडते. त्यानंतर दांड्यावरचा जुना गोंद खरवडून, स्पिरिटने पुसून तो पूर्ण कोरडा करायचा. यात आळस केला तर नवी पट्टी टिकत नाही.

नवी पट्टी चिकटवण्याआधीचा एक टप्पा अनेक जण गाळतात: दांड्याला उष्णतेपासून वेगळे करणे. धातूचा दांडा, त्यातही अ‍ॅल्युमिनियमचा, पट्टीची बरीच उष्णता आत शोषून घेतो आणि हातापर्यंत थोडीच पोहोचू देतो. दांड्यावर आधी तापवल्यावर आकसणारी पातळ नळी चढवली, तर तीच पट्टी तितक्याच विजेत हाताला जास्त ऊब देते. जाड नळी मात्र चालत नाही, मूठ वर बसत नाही.

पट्टी गुंडाळताना दोन टोके एकमेकांवर चढू देऊ नयेत. जिथे दोन पदर येतात तिथे उष्णता कोंडून पट्टी जळते. टोकांमधली फट तळहाताच्या दाबाखाली येणार नाही अशी ठेवावी. वायर मुठीच्या आतल्या टोकाने बाहेर काढून थोडी सैल सोडावी. उजव्या बाजूला ही वायर थ्रॉटलच्या तरफेत कुठेही अडकता कामा नये. अडकलेला थ्रॉटल गार मुठीपेक्षा कितीतरी घातक. जोड डाख देऊन आकसणाऱ्या नळीने बंद करावेत, नुसत्या चिकटपट्टीवर सोडू नयेत. मूठ घालताना ती पिळत पिळत न चढवता सरळ ढकलावी, नाहीतर खालची पट्टी सुरकुतते. मूठ बसली की गोंद वाळण्याआधीच पुन्हा एकदा ओहम मोजावेत.

हे काम उबदार खोलीतच करावे, कारण गारठ्यात कुठलाच गोंद धड धरत नाही. इपॉक्सी वापरले असेल तर पूर्ण वाळायला साधारण एक दिवस लागतो. मग हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून वायर कुठे ताणली जात नाही ना, हे बघायचे, थ्रॉटल सोडताच झटकन मागे येतो याची खात्री करायची, आणि इंजिन चालू करून दोन्ही मुठी सारख्या तापतात का ते पाहायचे. जास्त ऊब हवी म्हणून मोठ्या वॅटची पट्टी लावणे किंवा मोठा फ्यूज घालणे चुकीचे आहे. स्टेटरची ताकद ठरलेली असते आणि जाड फ्यूजमागे बारीक वायर जळते.

आपल्याकडे स्नोमोबाइल दिसते ती काश्मीर-लडाखच्या बर्फात: सियाचीनमध्ये लष्कर ती वापरते आणि गुलमर्गला पर्यटक भाड्याने घेतात, त्यात मराठी कुटुंबेही असतात. गरम मुठी असलेली गाडी लांबच्या फेरीसाठी घेताना ती सुरू झाल्यावर थोडा वेळ थांबा, स्विच चालू करा आणि हातमोजा काढून दोन्ही मुठींना हात लावून पाहा. एक जरी गार राहिली, तरी दुसरी गाडी मागून घ्या.