व्हिडिओ व्हायरल झाला, पण पुरावा कुठे आहे?

मारेगाव तालुक्यातल्या एका गावात, विहारात तरुणांची बैठक होती. एका पोराने मोबाईल पुढे केला. जातीवरून शिवीगाळ करतानाचा व्हिडिओ, आवाज स्पष्ट. आम्ही विचारले, काढला कोणी? माहीत नाही. मूळ फाईल? फोन फुल झाला म्हणून डिलीट झाली. व्हिडिओ किती ग्रुपवर फिरला याचा हिशेब मात्र सगळ्यांकडे होता.

खैरलांजीच्या वेळी आपल्या हातात एवढेही नव्हते. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली आणि मोठ्या माध्यमांनी कित्येक दिवस दखल घेतली नाही. कार्यकर्त्यांचे सत्यशोधन अहवाल, फोटो, ईमेल, ब्लॉग यांतून बातमी पसरली आणि नोव्हेंबरात विदर्भ रस्त्यावर उतरला. २००८ मध्ये आठ जण दोषी ठरले, पण ॲट्रॉसिटी कायद्याखाली नाही. हत्येमागे जात होती हे न्यायालयाने मानले नाही, २०१० मध्ये उच्च न्यायालयानेही नाही. हा निकाल आम्हाला आजही पटत नाही. पण समाज जागा करणारा फोटो आणि कोर्टात टिकणारा पुरावा या दोन गोष्टी आहेत, हे तिथेच शिकायला मिळाले.

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केला जातो. कधी, कोणत्या फोनवर काढला ही फाईलमधली माहिती बहुधा निघून जाते. म्हणून पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा आणि मूळ फाईल त्याच फोनमध्ये जपा. नाव बदलू नका, कापू नका, वर गाणे तर मुळीच लावू नका. (हसू नका, आम्ही पाहिले आहे.)

जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. वाद व्हिडिओ चित्रीकरणाच्या पुराव्याचा होता. जुलै २०२० मध्ये न्यायालयाने सांगितले, की कॉपी दाखल करायची तर प्रमाणपत्र लागेल. मूळ फोनचा मालक स्वतः फोन घेऊन साक्षीला उभा राहिला तर त्याची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या अनुसूचीत कलम ६३ खालच्या या प्रमाणपत्राचा नमुना आहे. त्यात फाईलची 'हॅश' लिहावी लागते. हॅश म्हणजे फाईलचा अंगठा. आत थोडा जरी बदल झाला तरी तो जुळत नाही.

शूटिंग करताना फक्त तोंडावर कॅमेरा धरू नका. जातिवाचक अपमानाच्या कलमात तो लोकांच्या नजरेसमोर झाला का, हे पाहिले जाते. म्हणून चौक, दुकानाची पाटी, उभे असलेले लोक दिसू द्या. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात मात्र पीडितेची ओळख पसरवणे हाच गुन्हा आहे. तिथे 'न्याय द्या' म्हणून फोटो फिरवणारे आपलेच भाऊ असतात, त्यांना थांबवा.

कॅमेरा आपल्याच हातात असावा असेही नाही. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५अ आले. त्याच्या उपकलम १० नुसार या गुन्ह्यांच्या कामकाजाचे व्हिडिओ चित्रीकरण व्हायला हवे. हे मागणारे अर्ज फार थोडे होतात. १४५६६ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे. फोन केल्यावर मिळणारा तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवा.

त्या पोराला आम्ही एकच काम दिले आहे: गावात फिरून मूळ व्हिडिओ कोणाच्या जुन्या फोनमध्ये किंवा मेमरी कार्डात सापडतो का ते पाहायचे.